माझ्या एकट्याची घागर

सकाळची शाळा सुटली. घरी आलो, चपला दारात काढल्या आणि बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या लहानशा मातीच्या घागरीतलं दोन तांबे पाणी उभ्या उभ्याच घटाघटा प्यालो. बस, एवढंच केलं. तेही मुकाट्यानं केलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मला गप्प राहवत नाही. मिशा पुसत मोठ्यानं म्हणालो, "वा! काय पाणी हाये! फ्रीजनं पाणी भरावं याच्यापुढं!"

स्वयंपाकघरात बायको उद्याच्या पुरणासाठी डाळ निवडत होती. ताटातला आवाज थांबला. ती दारात आली. तिनं आधी घागरीकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या तांब्याकडं, मग माझ्या ओल्या मिशांकडं. आणि तशीच आत गेली. डाळ निवडल्याचा आवाज काही पुन्हा आला नाही.

आमच्या घरात बायको बोलत असते तोवर सगळं ठीक असतं.

कॉलेजला सुट्टी लागली म्हणून घरी आलेली लेक मोबाईलमधून मान वर काढून हळूच म्हणाली, "पप्पा, ती केळी होती ना. आजीची."

अक्षय तृतीयेला आमच्याकडं आखिती म्हणतात. त्या दिवशी आपल्यातून गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी लहान घागर पाण्यानं भरायची, पुजायची, गोडाधोडाचा नैवेद्य दाखवायचा. त्या घागरीला केळी म्हणतात. फळाशी तिचं काही नातं नाही. भर उन्हाळ्यात आपल्या माणसाला तिकडं तहान लागली असेल, म्हणून हे पाणी. नियम एकच. त्या नव्या घागरीचं पाणी आधी त्यांचं. त्यांच्याआधी घरातल्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. आणि आखिती उद्यावर आली होती.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरची केळी गावाकडं थोरल्या भावाच्या घरी भरतात. मी दरसाल तिथं जातो तो जेवायच्या वेळेला. त्यामुळं आखिती म्हटलं की मला घागर नाही, आमरसाची वाटी दिसते. माणसाच्या डोळ्यांना जे पाहायची सवय लावाल तेच ते पाहतात.

ही घागर मात्र माझी आहे अशी माझी पक्की समजूत होती. म्हणजे माझ्या एकट्याची. ती कशी झाली हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

मला बारीकसारीक वस्तू घ्यायचा नाद आहे. गूळ आणायला जातो आणि किसणी घेऊन येतो. किसणी आणल्यावर आठवतं की गूळ राहिला. मग पुन्हा जातो आणि गुळाबरोबर कपडे वाळत घालायचे चिमटे आणतो, पाच रंगांचे. तारेवर ते नुसतेच, कपड्यांशिवाय ओळीनं लावून ठेवले की मला रिकाम्या अंगणात पोपट येऊन बसल्यासारखे वाटतात. बायकोला वाटत नाहीत. तिचं म्हणणं, "तुम्हाला बाजारात पाठवणं म्हणजे शेळीला कोथिंबीर राखायला बसवणं."

मोठ्या खरेदीत मला काडीचा आनंद होत नाही. फ्रीज घेतला त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. मोठी वस्तू घरात आली की ती मालकासारखी वागते. तिला जागा करून द्या, तिच्यासाठी भिंतीला वायर ओढा, तिच्या पावत्या जपून ठेवा. लहान वस्तू तशी नाही. ती पिशवीत भाजीच्या खाली गुपचूप बसून येते. चहाची नवी गाळणी घ्या. दुपारी सगळे पडलेले असताना ती खिडकीतल्या उन्हात धरावी. जाळीतून ऊन गळतं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची पिठी सांडते. हात हलवला की पिठी हलते. मी असा अर्धा अर्धा तास बसलेलो आहे. एकदा बायको उठून आली, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "घरात चार गाळण्या हायेत. चहा एकच हाये." पण जाता जाता तिनंही उजेडात हात घालून बघितला. मी पाहिलं.

नव्या डब्याचं झाकण पहिल्यांदा बसताना जो आवाज करतं, तो पुन्हा कधी करत नाही. सुतळीचं नवं बंडल नाकाशी धरलं की गोदामात शिरल्यासारखं वाटतं. नव्या साबणदाणीत पहिला साबण ठेवताना माझा हात जरा हळूच होतो. या गोष्टी कुणाला सांगायच्या? मास्तर माणूस, पन्नाशीला आलेला. शाळेत सांगितल्या तर मुलं खडू मारतील.

सांगायला एकच माणूस होतं. माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणायचो.

मामी घनसावंगीच्या पलीकडं, गोदाकाठच्या गावात एकट्या राहायच्या. आम्ही गेलो, बसलो, इकडचं तिकडचं झालं की त्या उठायच्या. कोनाड्यातून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढायच्या आणि माझ्यापुढं धरायच्या. कधी पळी, कधी उलथनं, एकदा तर नुसती भोकं पाडलेली मिठाची डबी.

"बघा जावईबापू. कशी हाये?"

मी ती वस्तू हातात तोलायचो. कडेवरून अंगठा फिरवायचो. नखानं वाजवायचो. किंमत मी विचारायची नाही, त्यांनी सांगायची नाही. किंमत निघाली की वस्तूवरचं तेज जातं, हे आम्हा दोघांनाही न सांगता कळलेलं होतं.

"बराबर हाये मामी. दांडा जरा लांब हाये, पण तेच चांगलं. हात भाजायचा न्हाई."

"तेच मी दुकानदाराला म्हणले! दांडा बघूनच घेतली!"

बायको बाजूला बसून कपाळाला हात लावायची. "झाली का दोघांची जत्रा सुरू?"

मामी नवी वस्तू लगेच वापरायला काढत नसत. तिला हळदीकुंकवाचं बोट लावायच्या आणि आठवडाभर चुलीपासून लांब, फळीवर ठेवून द्यायच्या. म्हणायच्या, "नव्याला जरा घर बघू द्यावं. ओळख झाली की मंग कामाला लावावं."

ऐन थंडीत मामी गेल्या. त्यांना मुलगा नाही, दोन लेकी. थोरली पार नागपूरकडं दिलेली. मग पहिल्या आखितीची केळी कोण भरणार अशी भावकीत चर्चा निघाली, तेव्हा बायको म्हणाली, "मी भरीन, माझ्या घरी." कुणीतरी शंका काढली, लेकीनं भरलेली चालती का? तर ती म्हणाली, "तहान लागल्यावर माणूस तांब्या कुणाचा हे विचारतं का?" या सगळ्या बोलण्याच्या वेळी मी तिथं हजर होतो. शपथेवर सांगतो. शरीरानं हजर होतो.

आखितीच्या चार दिवस आधी आम्ही दोघं मामींचं घर झाडून यायला गेल्तो. परतताना घनसावंगीत जीपसाठी थांबलो. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि आमच्याआधी फक्त दोन माणसं आणि एक पंप बसलेला होता. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक कुंभारीण उसाचं पाचट अंथरून मडकी मांडून बसली होती. माठ, रांजण, पसरट परळ, घागरी. लिंबाची सावली त्यांच्यावरून सावकाश सरकत होती आणि सावली जिथून सरकेल तिथलं मडकं क्षणभर पेटल्यासारखं लाल दिसायचं.

माझे पाय आपोआप तिकडं वळले.

मडकं घेण्यासारखं सुख नाही. ते वाजवून घ्यावं लागतं. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. कच्चं असेल तर थपथप बोलतं. तडा गेला असेल तर घसा बसल्यासारखं. आणि पक्कं भाजलेलं असेल तर ठण्णकन असा आवाज निघतो आणि तो लगेच संपत नाही; मडक्याच्या पोटात एक फेरी मारून मग बाहेर येतो. मी एक वाजवलं, दुसरं वाजवलं. प्रत्येकाचा सूर वेगळा. मोठा माठ आजोबांसारखा खाकरला. परळ नुसतीच कटकट बोलली. एका रांजणात मी डोकं घालून हळूच "ओऽ" म्हणालो. रांजणानंही "ओऽ" म्हटलं, पण माझ्यापेक्षा जरा उशिरा आणि जास्त विचार करून.

"वाजवा साहेब, वाजवा," कुंभारीण म्हणाली. "वाजवायचे पैसे पडत न्हाईत."

बायको तिच्याशी काहीतरी बोलत होती. तिचा आवाज माझ्या कानावर येत होता, पण तो पाण्याखालून आल्यासारखा. कारण त्याच वेळी मला ती घागर दिसली. ओंजळीत मावणार नाही आणि कडेवर घ्यावी एवढी मोठीही नाही, अशी. अंग लाल, आणि एका खांद्यावर भट्टीतल्या धुराचा काळसर डाग, उन्हाळ्यातला एकटा ढग दिसतो तसा. टिचकी मारली. इतका गोड आवाज आला की मी दुसरी टिचकी मारलीच नाही. कशाला, म्हटलं. आहे तेवढं पुरे.

घरात मोठा माठ आहे. फ्रीज आहे. लहान घागरीची गरज कुणाला? मी मनात तीन कारणं तयार केली. एक, माझ्या खुर्चीजवळ पाणी राहील, सारखं कुणाला हाक मारायला नको. दोन, फ्रीजच्या पाण्यानं घसा धरतो. तिसरं आता आठवत नाही, पण ते सगळ्यात कमजोर होतं. घागर दोन्ही हातांत धरून बायकोपुढं उभा राहिलो.

"ही घ्यावी का?"

बायकोनं बोलणं थांबवलं. घागरीकडं पाहिलं. तिच्या त्या धुराच्या डागावरून तळवा फिरवला. आणि म्हणाली, "घ्या. हीच घ्या."

बस! तीनही कारणं माझ्या तोंडातल्या तोंडात राहिली. लग्नाला तेवीस वर्षं झाली. माझ्या कुठल्या वस्तूला ती एका दमात हो म्हणाली असेल तर आठवून सांगा. शंका तिथंच यायला पाहिजे होती. पण आनंदात असलेल्या माणसाला शंका येत नाही.

जीपमध्ये घागर तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली. मला देईना. पदर तिच्या तोंडावर टाकला आणि दोन्ही हातांनी कवटाळून बसली. बाहेर ऊस तुटून गेलेली वावरं होती, बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि मावळतीचं ऊन सगळ्यांवर सारखंच पडलेलं. वारा आत आला की पदराखाली घागर बारीक आवाजात घुमायची. मला वाटलं, बघा, माणूस बदलतं. माझ्या लहानशा वस्तूवर हिचा किती जीव जडला! डोळे मिटून मी घागरीची जागा ठरवत राहिलो. बैठकीत, खिडकीखाली, माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला. वर लाकडी झाकणी. दुपारी वाचता वाचता नुसता हात खाली सोडायचा की गार माती लागेल. पुस्तक, झोप आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर. आयुष्यात आणखी काय लागतं?

घरी आल्यावर बायकोनं घागर त्याच खिडकीखाली ठेवली. मी न सांगता! आता बोला. रोज सकाळी ती त्यात पाणी भरायची, संध्याकाळी ओतून द्यायची. नवी घागर अशी मुरवावी लागते. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना लाकडी झाकणी घेऊन आलो. धास्तावतच पुढं केली. ती म्हणाली, "बरं झालं. लागणारच होती." मी तर त्या रात्री स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

आणि चौथ्या दिवशी, उन्हातून तापून आल्यावर, माझ्या एकट्याच्या घागरीतलं मी दोन तांबे पाणी प्यालो.

लेकीनं सांगितल्यावर मी आत गेलो. बायको डाळीच्या ताटापुढं बसलेली होती. हात ताटात, पण बोटं हलत नव्हती.

"अगं, मला माहीत न्हवतं."

"तुमच्यासमोर बोलले मी त्या कुंभारणीला. मायची पहिली आखिती हाये, केळीला पाहिजे. तिनं तर पैसे पण कमी केले त्याच्यासाठी."

"मला ऐकू..."

"कसं येईल? तुम्ही रांजणात डोकं घालून बसल्ते."

 एरवी मी हसलो असतो. तीही हसली असती. ती डाळीकडं बघत म्हणाली, "दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती पाणी मागून राह्यली होती. नळ्या लावेल होत्या, पाजायचं न्हवतं. मी कापसाचा बोळा भिजवून व्हटावरून फिरवला नुसता. ती चोखून राह्यली होती बोळा, लेकरासारखी." मग डाळीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "नव्या घागरीचं पहिलं पाणी तिला द्यायचं होतं मला. येवढंच होतं. दुसरं काही न्हाई."

मी चपला घातल्या आणि तसाच बाहेर पडलो.

भर दुपार होती, पण आखितीचा बाजार आमच्या अंबडच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पसरला होता. आंब्यांच्या पाट्या, खरबुजांचे ढीग, वाळ्याच्या जुड्या, आणि लहान घागरी तर जागोजागी. एरवी मी या रस्त्यावरून चालायला दोन तास घेतले असते. एका ठिकाणी थांबलो. घागर उचलली आणि हात सवयीनं टिचकी मारायला गेला. बोट मातीला टेकण्याआधीच मला माझी लाज वाटली. मी ती न वाजवताच घेतली. आयुष्यात न वाजवता घेतलेली पहिली वस्तू. येताना ती हातात होती, पण मी तिच्याकडं बघितलं नाही. मामी असत्या तर म्हणाल्या असत्या, असं कुणी घेतं का जावईबापू, हरवलेलं जनावर दावं लावून आणल्यासारखं?

हे मनात आलं आणि रस्त्यातच मला पहिल्यांदा कळलं की मामी आता ती घागर बघणार नाहीत. चार महिने झाले होते. मी तोवर समजत होतो की हे दुःख बायकोचं आहे आणि मी सोबतीला आहे.

बायकोनं नवी घागर घेतली, धुतली, पाण्यानं भरून ठेवली. दोन्ही घागरी शेजारी शेजारी बसल्या. रात्रीच्या जेवणात ती चार शब्द बोलली. त्यातले दोन "भात घ्या" होते.

सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर बैठकीत पाट मांडलेला होता. पाटावर गव्हाची रास, तिच्यावर घागर, तोंडावर खरबूज आणि वर एक आंबा. पाण्यात वाळा घातलेला. सगळी खोली त्या वासानं ओली झाल्यासारखी वाटत होती. मी जवळ गेलो आणि जागच्या जागी थबकलो. घागरीच्या खांद्यावर धुराचा काळसर डाग होता.

ही ती नव्हती, कालची. ही माझी होती. मी तोंड लावलेली.

मला वाटलं, अंधारात उठून घाईत चुकून घेतली असेल. तोंड उघडणार तोच लेकीनं डोळ्यांनीच गप्प केलं. बायकोनं हळदीकुंकू वाहिलं, पुरणपोळीचं पान मांडलं, आमरसाची वाटी ठेवली. हात जोडले. खिडकीतून ऊन आलं, पाटावर चढलं, घागरीच्या पोटावर आलं. मातीला घाम फुटला होता. एक थेंब जमला, मोठा झाला आणि गव्हात उतरला. मग दुसरा. आम्ही तिघंही ते थेंब बघत होतो. मला वाटतं, मी तिथं पूर्णपणे हजर होतो. शरीरानंही आणि बाकीचाही.

जेवणं झाली. लेक तिच्या खोलीत गेली. बायको पाटाशेजारी भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली. मी घसा खाकरला.

"अगं, एक विचारू?"

"विचारा."

"मी काल दुसरी आणली होती की. कोरी करकरीत. मग हीच का भरली? हिच्यातलं तर मी..."

तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"रातभर इचार केला मी," ती म्हणाली. "तेवीस वर्षं झाली. तुम्ही आमच्या दारात पाय ठेवला की माय आधी तुमच्या हातात तांब्या द्यायची. स्वतः उन्हातून आलेली असली, घसा वाळलेला असला, तरी जावई पाणी पिल्याबिगर तिनं घोट घेतला न्हाई. मी लई भांडले तिच्याशी त्याच्यावरून. ऐकती कुठं ती? काल तुम्ही पिले नसते, तर आजबी ती माझ्या दारात तशीच तहानलेली बसून राह्यली असती."